काना, मात्रा, वेलांटी आणि ४०४

जँगोमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधण्याच्या पायथनमधल्या साधनसंचात, लेखसंग्रहाची एक साइट बांधत होते. लेख, विभाग, शोध, एवढंच. माझ्या मशीनवर चुकीचा पत्ता टाकला की जँगोचं ते डीबगचं (चुका शोधायला मदत करणारं) पान यायचं: पत्त्यांचे कोणते पॅटर्न कोणत्या क्रमाने ताडून पाहिले याची अख्खी यादी. त्यामुळे 'पान सापडलं नाही' हा प्रकार, म्हणजे ४०४, आपोआप सांभाळला जातोय, असंच मी धरून चालले होते. साइट सर्व्हरवर चढवली, डीबग बंद केलं आणि चुकीच्या पत्त्यावर 'नॉट फाउंड' अशी दोन ओळींची ओकीबोकी पाटी दिसली. ना मेनू, ना शोधाची चौकट. कुणीतरी दिलेल्या लिंकवरून वाचायला आलेल्या माणसाला असं दारातूनच परत पाठवणं मला पटेना.

टेम्प्लेटच्या (पानांच्या साच्यांच्या) मुख्य फोल्डरमध्ये ४०४.एचटीएमएल नावाची फाइल ठेवली की जँगो ती आपणहून उचलतो, वेगळा व्ह्यू (पान तयार करून पाठवणारं फंक्शन) लिहावा लागत नाही. मी ठेवली आणि ४०४च्या जागी ५००, म्हणजे सर्व्हरचीच चूक, यायला लागला! माझं पान बेस टेम्प्लेटवर बेतलेलं होतं आणि बेसच्या मेनूत 'सध्याचा विभाग' अशी एक लिंक होती. तो विभाग प्रत्येक व्ह्यू पुरवत असे. ४०४च्या वेळी तो पुरवणारं कुणीच नसतं, त्यामुळे लिंक बनवणाऱ्या यूआरएल टॅगला स्लग (पत्त्यात येणारं नाव) मिळेना आणि चुकीचं पान दाखवतानाच दुसरी चूक होई. तेव्हापासून चुकीच्या पानांसाठी मी वेगळा, साधा बेस ठेवते. त्यात डेटाबेसला हात लावायचा नाही आणि सीएसएसचा पत्ता पूर्ण द्यायचा, कारण हे पान कितीही खोल पत्त्यावर उघडू शकतं.

मध्यंतरी पानावर शोधाची चौकट हवी म्हणून हँडलर४०४, म्हणजे ४०४च्या वेळी चालणारा व्ह्यू, स्वतः लिहिला. तो फक्त मुख्य यूआरएल फाइलमध्येच चालतो, ॲपच्या फाइलमध्ये लिहिला तर जँगो त्याकडे बघतही नाही. पान छान दिसलं, पण पान पाठवणाऱ्या रेंडरला स्टेटस ४०४ द्यायचं राहून गेलं. म्हणजे पानावर 'सापडलं नाही' आणि सर्व्हर मात्र २००, म्हणजे 'सगळं ठीक', सांगतोय. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, पण सर्च इंजिन नसलेली पानं असल्यासारखी धरून बसू शकतं. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी टेस्टच हवी. जँगोच्या टेस्ट डीबग बंद ठेवूनच चालतात, तेव्हा एक खोटा पत्ता मागायचा आणि कोड ४०४च आहे ना, हे तपासायचं. दोन ओळींचं काम आहे.

खरा वेळ गेला तो पुढे.

तुटलेल्या लिंकची मेल पाठवणारं एक मिडलवेअर (प्रत्येक विनंती-उत्तरामध्ये बसणारा कोड) जँगोसोबतच येतं. कुणी दुसऱ्या पानावरून येऊन ४०४ला धडकलं की मॅनेजर्सच्या यादीला मेल जाते, आणि लिंक आपल्याच साइटवरची असेल तर विषयात तसं लिहिलेलं असतं. मी ते लावलं आणि पहिल्याच दिवशी मेलचा ढीग पडला, सगळ्या आपल्याच साइटवरच्या लिंक! पत्त्याच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ. ती उलगडली तर निघाली देवनागरी. मी पत्ते लेखांच्या मराठी शीर्षकांवरून करत होते, पण राउटमध्ये (कोणता पत्ता कोणत्या व्ह्यूकडे जाईल ते सांगणाऱ्या ओळीत) वापरलेला स्लग कन्व्हर्टर फक्त रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अंडरस्कोर ओळखतो. चाचणीचे माझे सगळे लेख रोमन स्लगचे होते, म्हणून हे आधी लक्षातच आलं नाही.

राउटमध्ये स्लगच्या जागी कुठलीही अक्षरं चालवणारा एसटीआर कन्व्हर्टर लावला. मेल थांबल्या. दोन दिवसांनी एका वाचणाऱ्याने कळवलं, 'शब्दांची नाती' उघडत नाही. मी यादीतून उघडलं तर उघडत होतं. मग त्याने हाताने टाइप केलेला पत्ता आणि माझा पत्ता शेजारी शेजारी ठेवले. त्याचा होता शब्दांची-नाती. माझा होता शबदच-नत.

शीर्षकापासून स्लग बनवणारं जँगोचं स्लगिफाय, युनिकोड चालू ठेवलं तरी, अक्षर, आकडा, रेघ किंवा मोकळी जागा नसलेलं सगळं गाळतं. आणि अक्षर कशाला म्हणायचं हे ते पायथनच्या रेगेक्सला (मजकुरातले नमुने ओळखणाऱ्या यंत्रणेला) विचारतं. त्या हिशोबात श, ब, द ही अक्षरं, पण काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही नुसती चिन्हं. आपल्याकडे 'काना-मात्रेचाही फरक नको' म्हणतात. इथे काना-मात्रा मुळातूनच गेल्या होत्या. 'नाती' आणि 'नीती' दोन्हींचं 'नत' होतं! मला हे फार लागलं, कारण माझ्याच साइटवर मराठी शब्द मोडून पडले होते आणि इतके दिवस मी ते पाहिलं नव्हतं.

स्लग बनवण्याचं फंक्शन स्वतः लिहिलं: युनिकोडने 'मार्क' म्हणून नोंदवलेली चिन्हंही राखायची. तरी एक अडचण उरली. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, ऱ आणि हलन्ताने किंवा साधा र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हाने. दिसायला एकच, कॉम्प्युटरला वेगळे. म्हणून पत्त्यात लेखाचा क्रमांक घातला. गेट-ऑब्जेक्ट-ऑर-४०४ आता क्रमांकावरून लेख शोधतं आणि पुढचा मजकूर जुळला नाही तर व्ह्यू ३०१ने ('पत्ता कायमचा बदललाय' या कोडने) योग्य पत्त्यावर नेतो.

जुन्या, मोडक्या पत्त्यांचं काय? जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारं जँगोचं रीडायरेक्ट्स ॲप ४०४ झाल्यावरच जागं होतं, हे मला आवडलं होतं. पण ते टक्केवाल्या रूपातला पत्ता ताडून बघतं आणि त्याची जुन्या पत्त्याची जागा २०० वर्णांची. एक देवनागरी चिन्ह त्या रूपात ९ वर्ण खातं, म्हणजे २२ चिन्हांत जागा संपली. शेवटी जुन्या स्लगांसाठी स्वतःचं छोटं टेबल केलं. जे लेख मुद्दाम काढून टाकलेत त्यांच्यासाठी त्याच टेबलात नव्या पत्त्याचा रकाना रिकामा ठेवते आणि व्ह्यू ४१० पाठवतो: इथे लेख होता, आता नाही. कधीच नसलेल्या पानाला मात्र ४०४च.

'शबदच-नत'ची लिंक कुणीकुणी साठवून ठेवली असेल, म्हणून ती ओळ त्या टेबलात अजून आहे. ती शब्दांची-नातीवर नेते.