हमीपत्रावर सज्जा टांगता येत नाही

आमच्या नाटकात दुसऱ्या अंकाला वरून एक सज्जा खाली येतो. लोखंडी सांगाडा, वर प्लायवूड. काट्यावर २२० किलो भरला. चेन पुली, वायर रोपची स्लिंग (वजन बांधायचा तारेचा दोर), शॅकल (पिन लावून बंद होणारी लोखंडी कडी) भाड्याने मिळाली. अडलं ते नाट्यगृहाच्या कार्यालयात.

प्रश्न साधा होता: रंगमंचावरच्या लोखंडी तुळईला एका ठिकाणी किती किलो टांगलेलं चालेल? लिपिकाने बांधकाम विभागाकडे पाठवलं. बांधकामवाल्यांनी विद्युत विभागाकडे, कारण ‘वर सगळं लाइटचंच असतं’. विद्युतवाल्यांनी परत लिपिकाकडे. शेवटी व्यवस्थापक म्हणाले, “अहो, एवढं कशाला ताणताय? पाचशेच्या स्टॅम्पवर हमीपत्र द्या, काही झालं तर जबाबदारी तुमची. लगेच परवानगी देतो.”

याचा संताप अजून गेलेला नाही. त्या सज्जाखाली आमची पोरं उभी राहणार. तुळई वाकली तर माझी सही तिला धरून ठेवणार आहे का? मी हमीपत्र दिलं नाही. लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला आणि एकच मागणी केली: इमारतीचे स्ट्रक्चरल नकाशे दाखवा, इंजिनिअर आम्ही आमच्या खर्चाने आणतो. तरी फाइल टेबलावर पडून राहिली. प्रयोगाची जाहिरात द्यायची वेळ आली, निर्माते रोज फोन करत होते, आणि मी जाऊन त्या टेबलासमोर बसत होतो. ‘आमच्या खर्चाने’ या शब्दांखाली मी लाल पेनाने रेघ मारली, तेव्हा कुठे नकाशे निघाले. तुम्ही हे पहिल्याच अर्जात ठळक लिहा.

इंजिनिअर स्वतः वर चढले. तुळईच्या पट्टीची जाडी कॅलिपरने मोजली, जोडावरचे बोल्ट एकेक करून पाहिले. मधोमध टांगू नका, खांबांजवळ टांगा, असं सांगितलं आणि लिहून दिलं: एका बिंदूवर ३०० किलो, ओढ सरळ खाली. ते एक पान हातात आलं तेव्हा पहिल्यांदा नीट झोप लागली.

‘सरळ खाली’ हे शब्द महत्त्वाचे, कारण ओढ तिरकी झाली की ताण वाढतो. एकाच हुकातून दोन पायांची स्लिंग फाकवली आणि प्रत्येक पाय आडव्या रेषेशी ३० अंशांवर आला, तर दोन्ही पायांवर प्रत्येकी पूर्ण वजनाइतका ताण येतो. ६० अंशांच्या खाली जाऊच नका. आम्ही दोन वेगळ्या पुल्या लावल्या.

भाड्याच्या सामानाच्या तपासणी-दाखल्यांचं सांगायचं राहिलं. उचलण्याच्या साधनांची वर्षातून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी हवी, हे कारखान्यांना १९४८ च्या कायद्याने बंधनकारक केलं होतं. नाट्यगृहात कोणी विचारत नाही, म्हणून आपणच विचारायचं. दाखल्यावरचा नंबर पुलीवर ठोकलेल्या नंबराशी जुळतो का, ते बोट ठेवून बघा. शॅकलवर कामाचा भार (ती सुरक्षितपणे किती वजन पेलते तो आकडा) कोरलेला नसेल तर ती परत करा. पिन घट्ट करून तारेने बांधा, नाहीतर कंपनाने सैल होते. सज्जा वर गेला की वेगळी सेफ्टी वायर अडकवा आणि उचलताना-उतरवताना खाली कुणालाही उभं राहू देऊ नका, दिग्दर्शकालासुद्धा.

तो ३०० चा आकडा विंगेत पाटीवर रंगवावा, असा अर्ज मी आता दिला आहे. पुढच्या संस्थेला त्या टेबलासमोर बसायला लागू नये.