गप्पींचे ठिपके आणि शिकाऱ्याचा धाक

रविवार, रात्री

भक्षक आणि भक्ष्य यांच्या उत्क्रांतीचा विषय निघाला की हरणामागे धावणारा चित्ता हटकून पुढे येतो: एकाचा वेग वाढला की दुसऱ्यालाही तो वाढवावा लागतो आणि ही चढाओढ पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. हे चित्र खोटे नाही, पण त्रिनिदाद बेटावरील गप्पी माशांवर झालेले संशोधन आज वाचल्यावर ते मला अगदीच तोकडे वाटू लागले आहे. शिकाऱ्यामुळे सावजाचे पाय, शिंगे, कवच घडते हे सहज पटते; सावजाने केव्हा वयात यावे आणि किती पिल्ले द्यावीत, हेही तोच ठरवत असतो, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

त्रिनिदादच्या उत्तरेकडील डोंगरांतून उतरणाऱ्या ओढ्यांवर धबधबे आहेत आणि मोठ्या शिकारी माशांना ते ओलांडता येत नाहीत. त्यामुळे धबधब्याखालच्या डोहांत पूर्ण वाढलेल्या गप्पींना मटकावणारे पाइक सिक्लिड असतात, तर वरच्या डोहांत रिव्ह्युलस नावाचा एक किरकोळ शिकारी असतो, जो मुख्यतः लहान गप्पींवर भागवतो. खालचे नर बेताच्या रंगाचे असतात. वरच्यांच्या अंगावर नारिंगी, काळे आणि निळसर झळाळीचे मोठे ठिपके दिसतात. माद्यांना भडक नर आवडतात आणि शिकाऱ्यालाही तेच आधी दिसतात, या कात्रीत बिचाऱ्या नराचा रंग ठरतो.

जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी १९७६ साली खालच्या डोहातले गप्पी उचलून, जिथे गप्पी आणि मोठे शिकारी दोन्ही नव्हते अशा धबधब्यावरच्या ठिकाणी सोडले. दोनच वर्षांत तिथल्या नरांवरचे ठिपके वाढले आणि मोठेही झाले. कृत्रिम तळ्यांतला त्यांचा दुसरा प्रयोग मला त्याहून सुंदर वाटतो. काही तळ्यांच्या तळाशी बारीक खडी होती, काहींत जाड. जिथे पाइक सिक्लिड होते तिथे काही पिढ्यांत ठिपक्यांचा आकार खडीशी जुळत गेला, म्हणजे मासा तळाच्या पार्श्वभूमीत मिसळू लागला. जिथे शिकारी नव्हता तिथे नेमके उलटे घडले आणि बारीक खडीवर मोठे, तर जाड खडीवर छोटे ठिपके आले, कारण आता फक्त मादीच्या नजरेत भरायचे होते.

जीवशास्त्रज्ञ डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष त्याहून खोल जातो. एंडलर यांनी वर नेलेल्या गप्पींचे वंशज अकरा वर्षांनंतर, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांनंतर, उशिरा आणि मोठ्या आकाराचे होऊन वयात येत होते आणि एका वेळी कमी, पण मोठी पिल्ले देत होते. प्रयोगशाळेत सर्वांना सारख्याच परिस्थितीत वाढवल्यावरही हा फरक टिकला, तेव्हा तो आनुवंशिकच होता. यामागचा हिशोब सरळ, पण निर्दय आहे. मोठेपणी मरण जवळपास ठरलेलेच असेल, तर वाट पाहत बसलेल्या माशाचा वंश खुंटतो आणि घाईने विणाऱ्याचा पुढे चालतो. धोका लहानपणीच अधिक असेल, तर धीराने वाढणे आणि पिल्लांना दांडगे करूनच जन्म देणे फायद्याचे ठरते. (गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लांनाच जन्म देतात, हे येथे ध्यानात ठेवावे.)

आपण उत्क्रांतीला लाखो वर्षांच्या मापाने मोजतो, त्यामुळे अकरा वर्षे हा आकडा मी पुन्हा तपासून पाहिला. मात्र या साऱ्याचे श्रेय केवळ शिकाऱ्याच्या जबड्याला द्यावे का, याबद्दल मी थोडा सावध आहे. वरच्या डोहांत गप्पींची दाटी होते, अन्न पुरत नाही आणि त्यांची वाढ मंदावते. खाली शिकारी संख्या कमी ठेवतो, म्हणून उरलेल्यांच्या वाट्याला पोटभर येते. उशिरा वयात येण्यामागे मरणाची भीती टळल्याचा वाटा किती आणि या उपासमारीचा किती, हे दोन धागे वेगळे करण्यासाठी गर्दी मुद्दाम कमी-जास्त करून माशांची वाढ मोजावी लागते, आणि रेझनिक यांच्या नंतरच्या कामाचा रोख त्याच दिशेला वळलेला दिसतो.