खुडूक

गेल्या महिन्यात एका दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात मागच्या अंगणातून तो आवाज आला. घोगरा, चिडका, क्लक क्लक. मी झोपेतच म्हणालो, आई, तांबडी खुडूक झाली वाटतं. आई म्हणाली, "कालच झालीय. तुझं लक्ष कुठंय?"

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली हात घातलाय कधी? अंग नुसतं फणफणलेलं, खालची पिसं झडलेली, आणि बघते अशी की जणू आपणच तिचं काही देणं लागतो. चोच मारते ती वेगळीच.

माझं आजोळ पेठकडं. आजी टोपलीत भाताचा पेंढा अंथरायची आणि अंडी ठेवायची अकरा, दहा कधीच नाही, का ते विचारायचं नाही. विजा कडाडल्या की अंडी नासतात म्हणून कोपऱ्यात एक गंजका खिळा. सातव्या-आठव्या रात्री सगळी निजली की मला उठवायची आणि अंधारात एकेक अंडं बॅटरीवर धरायची. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, मधे एक काळा ठिपका, आणि तो हलायचा. शिरा दिसल्या नाहीत तर अंडं बाजूला, आणि आजी त्या अंड्यावर अशी नाराज व्हायची जसं काही त्यानं अभ्यासच केला नाही. वस्तीवर काही जण खुडूक मोडायला कोंबडीच्या नाकात पीस खुपसायचे किंवा तिला गार पाण्यात बुचकळायचे, म्हणजे ती परत अंडी द्यायला लागते. आजीला ते पटायचं नाही. "बसू दे की, तिचं काम हाय ते."

आता हे काम येणाऱ्या कोंबड्याच कमी झाल्यात. दुकानात ट्रेमधली पांढरी अंडी देणारी लेगहॉर्नच्या वाणाची कोंबडी वर्षाला ३०० च्या घरात जाते, पण बसत नाही, कारण बसली की अंडी बंद, म्हणून माणसानं निवडून निवडून तिच्यातलं बसणंच काढून टाकलं. आणि बुधवारच्या बाजारात गावठी म्हणून जे रंगीत पक्षी मिळतात त्यातले निम्मे तरी हॅचरीच्या मशीनमधले असतात, हे विकणाऱ्यालाही माहीत आणि आपल्यालाही.

तर माझ्या एका मित्राला कडकनाथचं वेड. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा हा काळा पक्षी, मांससुद्धा काळं, २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून तर हा ऐकतच नाही. कोंबडा शुद्ध पाहिजे, तुरा काळा पाहिजे, दुसऱ्या कुणाचा कोंबडा कुंपणावरून आत आला तर याचं बीपी वाढतं. (अंडी मात्र काळी नसतात हो, हे मी आजवर किमान वीस जणांना सांगितलंय.) पण कडकनाथची मादी बसायला आळशी. म्हणून त्या दुपारी फोन केल्यावर तासाभरात साहेब कोपरापर्यंत बाह्या सरसावून हजर, हातात सहा अंडी, रुमालात गुंडाळलेली. "तुमच्या तांबडीखाली ठेवा ना काकू."

तांबडीला जातच नाही, म्हणजे नाव नाही. कुठल्या पुस्तकात फोटो नाही. तिच्या आईला आजोळहून डालग्यात घालून एसटीनं आणलं होतं, एवढाच काय तो तिचा इतिहास. मला तेव्हा काहीतरी सुचलं होतं यावर, वाण टिकवणं वगैरे, चांगलं होतं, पण मित्र चहा पिता पिता तुऱ्यांवर बोलत बसला आणि ते गेलं.

आईनं मात्र पाच आपली आणि सहा त्याची अशी अकरा केली. खिळाही ठेवला. कालनिर्णयवर पेन्सिलीनं गोल. मधे एकदा मुंगूस येऊन गेलं, शेजारच्या काकांनी आमच्या कोंबड्याच्या पहाटे चारच्या आरवण्याबद्दल पुन्हा ऐकवलं, तांबडी दिवसातून एकदा उठून दोन दाणे खाऊन धूळ अंगावर उडवून परत जाऊन बसली.

आज विसावा दिवस. आजी या दिवशी अंडं कानाला लावायची, आतून चिवचिव येते. मी पण मघाशी लावलं. नेमका गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा चालू होता, काही कळलं नाही.