वजा करत गेलेला गायक

सोमवार, रात्री

आज दिवसभर कानात इंग्लिश रॉक गायक पीटर गेब्रिएल. हातातलं काम रेंगाळलं, पण गाणी थांबवावीशी वाटली नाहीत. मी या माणसापर्यंत पोचले तीच उलट्या बाजूने. आधी नुसरत फतेह अली खान ऐकले, मग त्यांच्या रेकॉर्ड काढणारी ‘रिअल वर्ल्ड’ ही कंपनी कोणाची याची चौकशी केली, आणि तिथून मागे मागे जात त्याच्या जुन्या, ‘जेनेसिस’ नावाच्या इंग्लिश बँडवर येऊन आदळले. शोभायात्रेत शेवटच्या गाडीपासून पुढे चालत जावं तसं.

बँडची सुरुवात अगदीच शाळकरी, म्हणजे खरोखरच शाळेतली. सरे परगण्यातली चार्टरहाउस ही श्रीमंतांच्या मुलांची निवासी शाळा. तिथे गेब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स यांनी १९६७ साली गाणी रचायला घेतली. ड्रमवर फिल कॉलिन्स १९७० मध्ये आला आणि पुढच्या वर्षी गिटारवर स्टीव्ह हॅकेट. लांबच लांब रचना, गुंतागुंतीचे ताल, आणि समोर खाली बसून शांतपणे ऐकणारे श्रोते.

१९७२ मध्ये डब्लिनच्या कार्यक्रमात गेब्रिएल मध्येच आत गेला आणि बायकोचा लाल झगा घालून, डोक्यावर कोल्ह्याचं तोंड चढवून बाहेर आला. साथीदारांना त्याने आधी काही सांगितलंही नव्हतं. फोटो छापून आले, बँडचं नाव झालं. मग फूल झाला, म्हातारा झाला, आणि शेवटी ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ या अल्बमच्या दौऱ्यात अंगभर गाठी असलेला एक ओंगळ प्राणी झाला. त्या वेषात मायक्रोफोन तोंडाजवळ नीट नेताच यायचा नाही. गायकाने असा पोशाख घालावा, ज्यात गाताच येत नाही! बाकीचे चौघे वैतागले असतील तर त्यांना दोष देता येत नाही.


मंगळवार

तो बाहेर पडला त्याची कारणं आज सलग वाचली. एका चित्रपट दिग्दर्शकाने त्याला कामासाठी बोलावलं, त्यावरून बँडमध्ये कुरबूर झाली. १९७४ च्या जुलैमध्ये पहिली मुलगी झाली, तिची प्रकृती नाजूक, तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. तो दवाखाना आणि स्टुडिओ यांमध्ये हेलपाटे घालत होता आणि सोबत्यांना रेकॉर्ड वेळेवर हवी होती. सगळे पंचविशीच्या आतले. मूल आजारी असणं म्हणजे काय हे त्यांच्यातल्या कितीजणांना कळत असेल कोण जाणे. त्या दौऱ्यातच त्याने सोडणार असल्याचं सांगितलं, पण दौरा अर्ध्यावर टाकला नाही. १९७५ च्या मेमध्ये तो संपवला आणि मगच गेला. हे मला आवडतं.

पुढे जे झालं ते कादंबरीत लिहिलं तर खोटं वाटेल. नवा गायक शोधायला बँडने कितीतरी लोकांच्या चाचण्या घेतल्या, कोणी पटेना, शेवटी मागे बसलेला ड्रमरच पुढे येऊन गाऊ लागला. आणि त्याच्या गळ्यावर बँड गेब्रिएलच्या काळापेक्षा कितीतरी जास्त खपला.

गेब्रिएल मात्र घरी बसला. बागेत भाजी लावली, मुलीत रमला. १९७७ मध्ये पहिला स्वतंत्र अल्बम आला. त्यातलं ‘सॉल्सबरी हिल’ हे बाथ शहराजवळच्या एका टेकडीवरचं गाणं म्हणजे बँड सोडण्याचीच गोष्ट. ते आज बोटांवर मोजत ऐकलं. सात मात्रा! आपल्या रूपकाइतक्याच, पण वळण वेगळं. रूपकात ‘ती ती ना’ म्हणताना सम ‘खाली’वर, म्हणजे बिनठोक्याच्या मात्रेवर, पडते आणि ऐकणारा सावध होतो. इथे खालून ठोका सरळ चालत राहतो, त्यामुळे सात आहेत हे लक्षातच येत नाही. फक्त दर वेळी वाटतं, ओळ जरा लवकर संपली. कडव्याच्या शेवटी काही क्षण लय चारमध्ये येते आणि तेव्हाच कळतं की इतका वेळ आपण थोडे तिरके चालत होतो. बाकीचा अल्बम मला जडच वाटतो, सगळं जरा जास्तच वाढून ठेवलेलं.


बुधवार, उशिरा

मला त्याच्याबद्दल जे म्हणायचंय ते आज तिसरा अल्बम ऐकताना नीट लक्षात आलं. हा माणूस एकेक गोष्ट काढून टाकत पुढे गेला. आधी बँड. मग मुखवटे. मग अल्बमची नावंसुद्धा. १९७७, ७८, ८० आणि ८२ या चारही अल्बमवर फक्त ‘पीटर गेब्रिएल’ एवढंच, नियतकालिकाच्या अंकांसारखं. चौथ्याला अमेरिकेतल्या कंपनीने वेगळं नाव लावलं, तेवढंच.

आणि तिसऱ्या अल्बममध्ये त्याने सिम्बल काढले. ड्रमरच्या समोरच्या पितळी थाळ्या गायब. रॉक संगीतात दर चार-आठ मात्रांनी छन्नकन वाजणारा तो आवाज नाही म्हटल्यावर वर केवढी मोकळी जागा उरते! ‘इंट्रूडर’ लावून पाहा. वाजवणारा, गंमत म्हणजे, फिल कॉलिन्सच. म्हणजे या दोघांचं बिनसलेलं नव्हतं.

त्या ड्रमची हकिकत तर फारच सुरस आहे. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत वादकांचं बोलणं काचेपलीकडे ऐकू यावं म्हणून छताला एक साधा माइक टांगलेला होता. कुजबुज आणि आरडाओरडा एकाच पातळीवर यावा म्हणून त्याचा आवाज यंत्राने जबरदस्त दाबलेला. कॉलिन्स सहज ड्रम वाजवत असताना तो माइक चालू राहिला आणि आतल्या खोलीत जणू दगडी गोदाम कोसळल्याचा आवाज आला. ध्वनिमुद्रक ह्यू पॅडमने त्याला पुढे गेट जोडलं. म्हणजे घुमारा हळूहळू विरायच्या आत कचकन तोडायचा. प्रचंड आवाज, आणि लगेच काहीच नाही. गेब्रिएलने कॉलिन्सला तोच साधा ठेका कितीतरी मिनिटं वाजवत ठेवला आणि त्यावर गाणं बांधलं. १९८१ मध्ये कॉलिन्सने तो आवाज स्वतःच्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये वापरला आणि मग पुढची दहा वर्षं जगाला दुसरा ड्रम ऐकायला मिळेना. श्रेय कोणाचं यावर अजून भांडणं होतात. माझं मत विचाराल तर त्या टांगलेल्या माइकचं.

याच अल्बमच्या शेवटी ‘बिको’ आहे. दक्षिण आफ्रिकेतले वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलीस कोठडीत असताना मरण पावले. गाणं सुरू होतं आणि संपतं ते तिथल्या अंत्ययात्रेत गायल्या गेलेल्या गाण्यांनी. दक्षिण आफ्रिकेत त्यावर बंदी आली. अमेरिकेत त्याच्या तेव्हाच्या कंपनीने, अटलांटिकने, हा अल्बम खपणार नाही म्हणून नाकारला. तो मर्क्युरीने काढला.


शुक्रवार

काल लिहायला झालं नाही.

१९८२ मध्ये त्याने जगभरच्या संगीताचा ‘वोमॅड’ हा महोत्सव इंग्लंडमधल्या शेप्टन मॅलेटला भरवला. बुरुंडीचे ढोलवादक आणि इंग्लिश रॉक बँड एकाच मैदानावर. संगीत झकास, हिशेब भुईसपाट. देणेकऱ्यांचे धमकीचे फोन यायला लागले. तेव्हा सोडून आलेला तोच बँड धावून आला. ऑक्टोबरात मिल्टन कीन्सला भर पावसात जुन्या जेनेसिसचा एकच कार्यक्रम झाला आणि पैसे वोमॅडच्या देण्यात गेले. गेब्रिएलला मंचावर शवपेटीतून आणलं होतं. मुखवटे गेले तरी खोड जात नाही!

वोमॅड मात्र टिकला. १९८५ मध्ये नुसरत तिथे गायले, गेब्रिएलच्या १९८९ च्या ‘पॅशन’ या अल्बममध्ये त्यांचा आवाज आहे, आणि त्याच वर्षी रिअल वर्ल्ड रेकॉर्ड्स सुरू झाली. माझ्या मते ही त्याची खरी कमाई. १९८६ चा ‘सो’ हा अल्बम घरोघरी पोचला, ‘स्लेजहॅमर’च्या व्हिडिओला एमटीव्हीची नऊ पारितोषिकं मिळाली, आणि त्या गाण्याने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावरून जेनेसिसच्याच ‘इन्व्हिजिबल टच’ला खाली ढकललं. हे सगळं ठीक. पण ते गाणं मी हल्ली पुढे ढकलते.

त्यानंतर त्याचा वेग फारच मंदावला. १९९२ मध्ये ‘अस’, २००२ मध्ये ‘अप’. २०१० मध्ये दुसऱ्यांची गाणी गायला घेतली, त्यातून ड्रम आणि गिटार दोन्ही काढले, फक्त वाद्यवृंद ठेवला. आणि नव्या गाण्यांचा ‘आय/ओ’ थेट २०२३ मध्ये. दर पौर्णिमेला एक गाणं, डिसेंबरात पूर्ण अल्बम. आता इतकं काढून टाकणाऱ्या माणसाला इथे मात्र निवड करवली नाही. प्रत्येक गाण्याची दोन स्टीरिओ मिश्रणं, एक ‘ब्राइट-साइड’, एक ‘डार्क-साइड’, दोन वेगळ्या तंत्रज्ञांची, आणि दोन्ही बाजारात. एकवीस वर्षं घेतलीस ना बाबा, मग एक काय ते ठरव की! आज दोन्ही ओळीने ऐकले. डार्क-साइडमध्ये खालचे सूर जास्त दाट आहेत आणि मला तोच पटला. पण ‘प्लेइंग फॉर टाइम’मधला पियानो दोन्हींकडे तितकाच चांगला आहे.