न्यूट्रल इल्ला

आषाढातला पाऊस आमच्या बेळगावच्या शहापुरात एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. भिंती ओल धरतात, मिठाला पाणी सुटतं. परवा सकाळी इडल्या उतरल्या, खोबरं-मिरच्या भांड्यात पडल्या आणि मिक्सरनं मौन धरलं.

आत्यांनी (म्हणजे सासूबाईंनी) आधी बोर्डाला एक चापट दिली. हा आमचा खानदानी उपाय. रेडिओपासून फ्रिजपर्यंत सगळ्यांनी खाल्लेला. उपयोग शून्य. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) बघितली, ताठ उभी. पूर्वी चिनी मातीच्या फ्यूजमधली तार जळलेली दिसायची तरी. मग लाकडी पाटावर उभी राहून सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घातला. आतला निऑनचा ठिपका मंद नारिंगी पेटला. म्हणजे करंट आहे. म्हणजे मिक्सर जळाला!

"नवा घेऊया की," मी म्हटलं. (इथं आमच्या मनातली इच्छा आणि विद्युतशास्त्र यांची गल्लत झाली, हे कबूल करते.) आत्यांनी मिक्सर उचलून सोप्यातल्या प्लगला लावला. गुरगुरला की निवांत.

शेवटी वायरमन आला. घरी कन्नड, आमच्याशी मराठी आणि वायरींशी दोन्ही बोलणारा. "अक्का, मिक्सर लावून ठेवा, बटणं चालूच असू देत," म्हणाला आणि बोर्डाचे स्क्रू काढले. फेजला टेस्टर लावला, पेटला. मग काळ्या वायरला लावला. तीही पेटली! मिक्सर मात्र गप्प. तो स्वतःशीच पुटपुटला, "फेज ऐति, न्यूट्रल इल्ला." म्हणजे फेज आहे, न्यूट्रल नाही.

मग मला समजावलं. फेजनं आलेल्या करंटला परत जायला न्यूट्रलची वाट लागते. तीच मागे कुठं तुटली तर तो मिक्सरच्या गुंडाळ्यांतून पलीकडे येऊन काळ्या वायरीत नुसता उभा राहतो. टेस्टरला तेवढंही पुरतं, माणसाला मारायलाही पुरतं, मिक्सर फिरवायला नाही. "काळी आहे म्हणून हात लावू नका हं." मी हात पदराला पुसून मागे सरले. २३० व्होल्ट रंग बघून चावत नाहीत.

आता न्यूट्रल शोधायचा. १९५६ पासून वादात असलेल्या आमच्या गावात न्यूट्रल सापडणं तसं अवघडच. कुणाच्या दुकानाच्या पाटीबद्दल मत विचारून बघा! पण वायरमननं नेमकं देवघर गाठलं. जुन्या वायरिंगमध्ये एका सॉकेटवरनं पुढच्याला वायर ओढलेली असते. देवघरातल्या सॉकेटमधून स्वयंपाकघराकडं जाणारी काळी वायर स्क्रूतून सुटली होती. टोक काळपट, आवरण जरा वितळलेलं. देवापुढचा छोटा दिवा मात्र चालू, त्याची वायर शाबूत होती. म्हणजे इतके दिवस ती सैल वायर तिथं ठिणग्या मारत होती आणि आम्ही तिच्याखाली उदबत्ती लावत होतो.

मेन बंद करून त्यानं टोक कापलं, तांबं नव्यानं सोललं, स्क्रू करकचून आवळला. तोवर मी खोबरं सारखं करायला भांड्याचं झाकण काढलं होतं. मिक्सरचं बटण दोनवर होतं, ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

त्यानं मेन चढवला.

हिरवी चटणी छतापर्यंत गेली. आत्यांच्या चष्म्यावर कोथिंबिरीचं एक पान. देवघरातून आवाज आला, "अक्का, न्यूट्रल बंतु!"