राणीछापचा चुलतभाऊ

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात पाच राणीछाप रुपये असायचे. आजीचे. वर्षभर ते लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये मऊ पडलेल्या लाल फडक्यात, आणि त्या एका संध्याकाळी बाहेर, हळदकुंकू लागलं की परत आत. चांदीच्या नाण्यांशी माझा संबंध तेवढाच, तोही "हात लावू नकोस, हरवशील" यासकट.

नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीत हॅनोव्हरला आलो त्याला आता सहा वर्षं झाली. इथे दर शनिवारी लायने नदीच्या काठाने जुना बाजार भरतो, आपल्या पुण्यातल्या जुन्या बाजारासारखाच, फक्त कोणी ओरडत नाही. नदीपलीकडे रंगीबेरंगी धिप्पाड बायकांचे पुतळे उभे आहेत, त्यांना सगळे 'नाना' म्हणतात, आणि मला पहिल्यांदा ऐकून हसूच आवरेना कारण आमच्याकडे नाना म्हणजे धोतर नेसणारे, दुपारी झोपणारे काका. तर या बाजारात एक आजोबा नाणी घेऊन बसतात. फोल्डिंग टेबल, निळी मखमल, थर्मास. थंडीत बोटं उघडी असलेले हातमोजे.

त्यांच्याकडून पहिलं नाणं घेतलं ते प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा एक थालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, गरुडवाला. काळपट पडलेला होता. घरी आणून मी तो टूथपेस्ट लावून खसाखसा घासला, दिवाळीला निरांजनं घासतो तसा, आणि चकचकीत करून पुढच्या शनिवारी मोठ्या कौतुकाने आजोबांना दाखवायला नेला. त्यांचा चेहरा असा झाला की मी जणू त्यांच्या मांजरीला लाथ मारली होती. काही बोललेच नाहीत आधी. मग भिंग माझ्या हातात दिलं, माझं नाणं आणि त्यांच्याकडचं तसलंच दुसरं न घासलेलं नाणं शेजारी ठेवलं, आणि गरुडाच्या छातीवरच्या ढालीवर बोट ठेवलं. त्यांच्या नाण्यावर ढालीत अगदी बारीक रेघा होत्या. माझ्यावर नुसता गुळगुळीतपणा. "तुम्ही रंग धुऊन टाकलात," असं म्हणाले.

मला आधी काही कळेचना, चांदीच्या नाण्याला कसला रंग?

तर गंमत अशी की युरोपातल्या राजघराण्यांच्या ढालींना, म्हणजे त्यांच्या राजचिन्हांना, ठरलेले रंग असतात, पण नाण्यावर, शिक्क्यावर, दगडात रंग दाखवणार कसा? म्हणून रेघांची एक भाषा आहे. १६३८ साली पेट्रा सांक्टा नावाच्या एका जेसुइट पाद्र्याने ती रोममध्ये छापली आणि पुढे तीच सगळीकडे रुळली. बारीक ठिपके म्हणजे सोनेरी. काहीच नाही, कोरी जागा, म्हणजे चंदेरी. उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, उभ्या-आडव्यांची जाळी झाली की काळा, तिरप्या गेल्या की हिरवा. मी हे घरी येऊन पाठ करायला बसले आणि लाल-निळ्यात रोज घोळ व्हायचा, शेवटी माझं मीच एक ठरवलं, उभं कुंकू आणि आडवं पाणी. त्यानंतर कधी चुकले नाही. तिरप्याचा मात्र अजून घोळ होतो कारण डावं-उजवं इथे उलटं मोजतात, ढाल हातात धरून पलीकडे उभा असलेल्या माणसाचं उजवं ते उजवं, म्हणजे बघणाऱ्याचं डावं. हिरवी रेघ आपल्या डावीकडून वरून निघून उजवीकडे खाली येते. जांभळी उलटी. असो.

मग एका शनिवारी तो मिळाला ज्यासाठी ही पोस्ट लिहितेय. हॅनोव्हरचा राजा पाचवा गेऑर्ग, याचा फेरआइन्सथालर. १८५७ पासून जर्मन राज्यांनी आणि ऑस्ट्रियाने मिळून ठरवलेलं सामाईक माप, अर्धा किलो शुद्ध चांदीत तीस नाणी, त्यात दहा टक्के दुसरा धातू धरून एकेक साडेअठरा ग्रॅमचं. आपल्या जुन्या तोळ्यात सांगायचं तर दीड तोळ्याहून थोडं जास्त (राणीछाप रुपया बरोब्बर एक तोळा भरायचा). आजोबांनी ४५ युरो घेतले, कारण वरच्या कडेला डाग दिल्याची खूण आहे. कोणीतरी कधीतरी त्याला कडी लावून गळ्यात घातलं होतं, आपल्या पुतळ्यांच्या माळेसारखं. अशा खुणेने इथे भाव पडतो आणि माझ्यासारख्यांचं फावतं. मला तर ती खूण आवडतेच, कोणीतरी बाई नटली होती ना ते घालून.

एका बाजूला राजाचं डोकं. दुसरीकडे ढाल, तिला दोन्हीकडून धरून उभे एक सिंह आणि एक शिंगवाला घोडा. हे दोघं तर इंग्लंडचे! घरी भिंगाखाली बघते तर ढालीच्या एका चौकोनात चक्क आयर्लंडची हार्प. जर्मन राजाच्या नाण्यावर आयर्लंडची हार्प काय करतेय, मला वाटलं फसवलं आपल्याला, चिनी माल दिसतोय. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, १८.४ भरलं, लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटत नाही. नाणं खरं होतं.

मग वाचायला लागले. १७१४ मध्ये हॅनोव्हरचा राज्यकर्ता इंग्लंडच्या गादीवर बसला, पहिला जॉर्ज, आणि पुढे सव्वाशे वर्षं दोन्हीकडे राज्य एकाच माणसाचं. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी झाली तेव्हा गाडी अडली, कारण हॅनोव्हरच्या गादीवर बाई बसू शकत नव्हती. म्हणून तिचा काका एर्न्स्ट ऑगस्ट इकडे आला आणि हॅनोव्हरचा राजा झाला. त्याचा मुलगा म्हणजे हा गेऑर्ग. म्हणजे माझ्या हातातल्या थालरवरचा हा माणूस आजीच्या रुपयावरच्या राणीचा सख्खा चुलतभाऊ! जन्मसुद्धा तीन दिवसांच्या अंतराने, ती २४ मे १८१९ आणि हा २७ मे. मी आईला व्हिडिओ कॉल लावून नाणं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि सांगितलं तर ती म्हणाली, "अगं मग दिवाळीला त्यालाही ताटात ठेव, घरचाच आहे."

ढालीबद्दल मला जे कळलं ते असं की तिला चित्र समजून बघत बसलं की काही हाती लागत नाही, तो सातबारा आहे. प्रत्येक चौकोन म्हणजे एक गट नंबर. तीन चालणारे सिंह एकाखाली एक, तोंड आपल्याकडे, उभ्या रेघांवर, म्हणजे लालावर सोनेरी, इंग्लंड. मागच्या पायांवर उभा एकटा सिंह, भोवती दुहेरी चौकट, मागे ठिपके, स्कॉटलंड. आडव्या रेघांवर हार्प, आयर्लंड. आणि या सगळ्याच्या मध्यभागी एक छोटी ढाल चिकटवलेली, ती खरी घरची जमीन: दोन सिंह ब्राउनश्वाइगचे, पत्त्यांतल्यासारख्या बदामांमध्ये उभा असलेला एक सिंह ल्युनेबुर्गचा, आणि खाली धावणारा पांढरा घोडा. हा घोडा इथे सगळीकडे दिसतो, राज्याच्या झेंड्यावर, पोलिसांच्या बाहीवर, युनिव्हर्सिटीच्या दारात भलामोठा पुतळा आहे, इथल्याच कॉन्टिनेंटल टायरवरचा घोडाही त्याच्याच घराण्यातला.

आणि सातबाऱ्यासारखंच, नाव लागलंय म्हणजे जमीन ताब्यात आहे असं अजिबात नाही. गेऑर्गच्या काळात इंग्लंडच्या कारभाराशी याचा काडीचा संबंध उरला नव्हता, तरी चौकोन ठेवलेच. इंग्लंडच्या राजांनी तर १३४० मध्ये फ्रान्सवर हक्क सांगून फ्रान्सची लिलीची फुलं ढालीत घातली आणि ती थेट १८०१ पर्यंत काढली नाहीत, साडेचारशे वर्षं भाऊबंदकी! म्हणून पहिल्या तीन जॉर्जांच्या काळातली हॅनोव्हरची नाणी मिळाली की मी आधी लिली शोधते. लिली आहे म्हणजे जुनी नोंद. माझ्याकडे तसलं एकच छोटं नाणं आहे, झिजलेलं, पण लिली दिसतात.

सगळ्यात भारी म्हणजे त्या मधल्या छोट्या ढालीच्याही मधोमध अजून एक टिचभर ढाल आहे आणि तिच्यात एक मुकुट. हा मध्ययुगातल्या शार्लमेन सम्राटाचा मुकुट, पवित्र रोमन साम्राज्याच्या (जर्मन राज्यांच्या जुन्या साम्राज्याच्या) महाखजिनदाराच्या पदाची खूण. ते साम्राज्यच १८०६ मध्ये बुडालं. म्हणजे हे नाणं पाडलं तेव्हा खजिना नाही, साम्राज्य नाही, पन्नासेक वर्षं होऊन गेली, पण मुकुट आहे. माझं माहेरचं आडनाव कुलकर्णी. मला यात हसण्यासारखं काही नाही.

गेऑर्ग आंधळा होता. लहानपणी एक डोळा आजारात गेला आणि १४व्या वर्षी अपघातात दुसरा. नाण्यावर ते काही कळत नाही, डोळा कोणत्याही राजाचा असतो तसाच आहे. मी एकदा डोळे मिटून त्या ढालीवरून अंगठा फिरवून बघितला, घोडा कळतो, सिंह कळतात, रेघा नाही कळत. स्वतःच्या राज्याचा सातबारा हा माणूस बोटांनीच वाचत असणार. नाण्याच्या कडेवर लॅटिनमध्ये कोरलंय 'नेक आस्पेरा टेरेंट', संकटांना भीत नाही अशा अर्थाचं. १८६६ च्या प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धात हा ऑस्ट्रियाच्या बाजूने गेला. २७ जूनला लांगेनझाल्झाला त्याच्या फौजेने प्रशियाला चक्क हरवलं, आणि दोनच दिवसांनी, वेढा पडल्यावर, शरण यावं लागलं. प्रशियाने अख्खं हॅनोव्हर गिळलं. राजा ऑस्ट्रियात गेला, १८७८ मध्ये पॅरिसला वारला, आणि पुरला कुठे, तर इंग्लंडमध्ये विंडसरला. शेवटी तिकडच्या मातीत जागा मिळालीच.

राज्य गेलं पण टाकसाळ चालूच राहिली. गेऑर्गच्या थालरवर टाकसाळीची खूण म्हणून 'बी' हे अक्षर आहे, आणि १८६६ नंतर तेच 'बी' प्रशियाच्या गरुडवाल्या थालरवर यायला लागलं. पुढे जर्मन साम्राज्य झालं, मार्क आला, त्यावरही 'बी', १८७८ ला टाकसाळ बंद होईपर्यंत. कारागीर बहुतेक तेच असतील, फक्त आता घोड्याऐवजी गरुड पाडायचा.

साम्राज्याच्या गरुडाबद्दल मी जास्त लिहीत नाही, मला तो फारसा आवडत नाही. २, ३, ५ मार्कच्या नाण्यांवर पुढे आपापल्या राज्याचा राजा आणि मागे सगळीकडे तोच एक गरुड, त्याच्या छातीवर प्रशियाचा गरुड, त्याच्याही छातीवर प्रशियाच्या होहेनझोलर्न राजघराण्याची काळ्या-पांढऱ्या चौकोनांची ढाल, डब्यात डबा. बव्हेरिया, सॅक्सनी सगळ्यांच्या ढाली गायब. सुटली फक्त तीन स्वतंत्र शहरं कारण त्यांना राजाच नव्हता: हॅम्बुर्गचा तीन मनोऱ्यांचा दरवाजा, ब्रेमेनची किल्ली, ल्युबेकचा दोन डोक्यांचा गरुड. हॅम्बुर्गवाल्यात शिरस्त्राणावर मोरपिसं आहेत, खरंच. ब्रेमेनची किल्ली परवडत नाही, १९०४ आणि १९०६ ची थोडीच नाणी आहेत. आणि १९३६ नंतरची नाणी टेबलावर असतील तर नाझींच्या स्वस्तिकावर स्टिकर चिकटवलेला असतो. आईला एकदा ते समजावून सांगताना माझी जीभ अडखळली.

मुंबईची एक गंमत राहिलीच. आजोबांकडे ऑस्ट्रियाच्या राणीचे, मारिया थेरेसाचे, थालर ढिगाने असतात, सगळ्यांवर साल १७८०, कारण ती वारल्यावरही तेच साल ठेवून ते पाडत राहिले, अरबस्तानात आणि इथिओपियात लोक दुसरं नाणं घेईनात. १९४०-४१ मध्ये हे थालर आपल्या मुंबईच्या टाकसाळीतही पाडलेत! फोर्टातून मी शंभरदा गेले असेन. कुठला मुंबईचा आणि कुठला व्हिएन्नाचा हे ओळखायला गरुडाची पिसं बघावी लागतात म्हणे, आजोबा शिकवणार आहेत.

तो घासलेला प्रशियाचा थालर मी ठेवलाय. खिडकीत असतो, आता परत काळा पडतोय. सध्या नजर आहे एका १८६७ च्या 'बी'वर, गेऑर्गचं राज्य गेल्यानंतरच्या पहिल्या काही नाण्यांपैकी. आजोबा ६० म्हणतायत. कडीची खूणबिण काही नाही त्याला, रेघा स्वच्छ आहेत, पण ६० जास्त होतात. येत्या शनिवारी पाऊस आहे, गर्दी नसेल, ५० ला तुटेल असं वाटतंय.