तुम्ही विचारलंत म्हणून: सोबत कोण आहे?

"योजनेत सगळं फुकट आहे, तरी ही माणसं उपचार मध्येच का सोडतात?" नाशिकला कॅन्सरच्या पेशंटांसोबत हॉस्पिटलच्या खिडक्यांपुढे उभी राहू लागल्यापासून हा प्रश्न मला शेजारणी विचारतात, लग्नात भेटलेले नातेवाईक विचारतात. परवा तुम्हीही विचारलात.

फुकट आहे, हे खरं. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. केमो, रेडिएशन त्यात बसतं. पण आधार आणि रेशन कार्डाच्याही आधी खिडकीतून एक प्रश्न येतो, "सोबत कोण आहे?"

सुरगाण्याकडच्या एक मावशी होत्या. विधवा. मुलगा आणि सून दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला. मावशींनी आयुष्यात विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चुलीच्या धुरात काढली. खोकला लागला, वजन उतरलं, एक्स-रेत डाग दिसला. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबी धरून पाच महिने गोळ्या चालल्या. आपल्याकडे टीबी इतका आहे की पहिला संशय त्याचा येणार, हे मी समजू शकते. दोन महिन्यांत उतार पडला नाही, तेव्हाही कुणी पुन्हा विचार केला नाही, हे मला अजून सहन होत नाही.

मग सीटी स्कॅन झाला आणि गाठीचा तुकडा काढायचं ठरलं. "सुई लावली की गाठ पसरते," असं गावात कुणीतरी सांगितलं आणि तीन आठवडे त्यात गेले. ही भीती फार खोल आहे. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर कुठल्या जातीचा ते कळतच नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये विडी-तंबाखू नसलेल्या काही बायकांना नुसत्या गोळ्यांचाही चांगला गुण येतो, पण तेही त्या तपासणीवरच ठरतं.

मावशींना केमो आणि त्याच्या जोडीला लाईट सांगितली. रेडिएशनला सगळे लाईटच म्हणतात. तीस वेळा, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. सुरगाणा इथून नव्वदेक किलोमीटर. केमोनं गळालेल्या बाईनं रोज एसटीनं ये-जा करणं शक्यच नव्हतं. नाशिकला राहायचं, तर सोबत कोण राहणार? सुनेचं मूल अंगावर पितं. मुलानं मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि दिवस द्राक्षकाढणीचे. योजनेत पेशंटची केमो धरली आहे, सोबतच्या माणसाची मजुरी धरलेली नाही.

टीबीच्या गोळ्या चालू होत्या तोवर पोषणासाठी सरकारकडून थोडे पैसे खात्यात येत होते. कॅन्सर निघाला आणि ते बंद झाले. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचा पेशंट बसतो, महिन्याला १,५०० मिळतात. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. भागून बघा, अख्ख्या घराला दिवसाचे ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. आणि दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालायला पुन्हा माणूसच लागतो.

एकोणीस लाईट झाल्या. एका शुक्रवारी मावशी घरी गेल्या, त्या सोमवारी आल्या नाहीत. मध्ये खंड पडला की गाठीला पुन्हा वाढायला फावतं, म्हणून माझा जीव खालीवर होत होता. फोन लावला, तर म्हणाल्या, "ताई, पोराचे खाडे किती करू?"

हॉस्पिटलच्या फाइलवर शेरा पडला होता, 'रुग्णाने उपचार सोडले'. मला तो शब्दच टोचला. त्यांनी उपचार सोडले नव्हते, मुलाची मजुरी धरून ठेवली होती.

नवव्या दिवशी मी जाऊन त्यांना घेऊन आले. पंचवटीतल्या माझ्या घरी त्या राहिल्या आणि उरलेल्या अकरा पूर्ण केल्या. पुढे दीड वर्ष त्या होत्या. त्यातला एक उन्हाळा त्यांनी नातवासोबत घालवला.

तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या चौघींनी पेशंटसोबत जायचे वार वाटून घेतलेत. सध्या पेठच्या एका आजोबांच्या लाईट चालू आहेत. चौदा झाल्या, सोळा राहिल्यात. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार लागले आहेत. बुधवारला कुणी नाही. सकाळी नऊला जुन्या सीबीएस बसस्थानकापाशी भेटायचं, दुपारी एकपर्यंत मोकळं होता येतं. तुम्हाला बुधवार जमेल का?